पडत्या काळात कामात सुधारणा: सोलापूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

यंत्रमाग कारखाने, गारमेंट युनिट, दुकानं आणि छोटी ऑफिसं इथून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. काही कारखानदारांचे आहेत, काही कामगारांचे. एकाच प्रश्नाची दोन रूपं आली तिथे दुसऱ्या उत्तराकडे बोट दाखवलं आहे. सगळं ओळीनं वाचायची गरज नाही, पण प्रश्न 7 मात्र सगळ्यांनी वाचावा.

1. सतत सुधारणा म्हणजे नेमकं काय? आम्ही काम नीट करतोच की.

काम नीट करणं म्हणजे ठरलेल्या रीतीनं करणं. सतत सुधारणा म्हणजे ती रीतच अधूनमधून तपासून पाहणं. कुठे वेळ जातो, कुठे माल बिघडतो, कुठे माणूस उगाच थकतो ते शोधायचं. मग एक छोटा बदल करायचा आणि फरक पडला का ते मोजायचं. पडला असेल तर तीच नवी रीत ठरवून टाकायची आणि पुढच्या अडचणीकडे वळायचं. डेमिंग नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानं 1950 मध्ये जपानी उद्योजकांसमोर व्याख्यानं दिली, तिथून हे चक्र पीडीसीए या नावानं जगभर गेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर ठरवा, करून पाहा, तपासा, पक्कं करा. बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन पायऱ्या होतात. तिसरी राहून जाते, म्हणून चौथी कधी येतच नाही.

2. हे कायझेन (सतत सुधारणेचं जपानी नाव) वगैरे मोटारीच्या मोठ्या कारखान्यांसाठी असतं ना? आमच्या मागाला त्याचा काय उपयोग?

हा विचार मोटारीच्या कारखान्याआधी मागावर जन्मला, हे सोलापूरकरांना मुद्दाम सांगावंसं वाटतं. टोयोटा घराण्याचे मूळ पुरुष साकिची टोयोडा हे मागाचे कारागीर. त्यांचा 1924 चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. खराब कापड पुढे विणलंच जाऊ नये, आणि एका माणसाला अनेक माग सांभाळता यावेत, हा त्यामागचा हेतू. पुढे या मागाच्या पेटंटचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सना विकले गेले, 1929 मध्ये. टोयोटाच्या मोटार कारखान्याची कार्यपद्धती घडवणारे ताइची ओहनो हेसुद्धा 1932 मध्ये आधी टोयोडांच्या सूत-कापड कंपनीत लागले होते, मोटारीकडे नंतर आले.

म्हणजे ताण्याचा (उभा) धागा तुटल्यावर माग थांबवणारी जी पिन तुमच्या मागावर आहे, तीच या सगळ्या विचाराची सुरुवात आहे. ती पिन वैतागून बांधून ठेवलेली दिसते तेव्हा फार वाईट वाटतं. माग थांबत नाही हे खरं, पण सेकंड (दोष राहिलेला) माल मीटरमागून मीटर निघत राहतो.

3. ऑर्डरच नाहीत, सुताचा भाव आज एक उद्या एक. अशात सुधारणा कसली करायची? आधी टिकू द्या.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे. मार्च 2020 चा लॉकडाऊन आपण पाहिला. 2022 मध्ये कापसाची खंडी एक लाख रुपयांच्या वर गेलेली पाहिली. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांपर्यंत नेलं आणि निर्यात करणाऱ्यांना सगळे हिशेब नव्यानं मांडावे लागले. यातली एकही गोष्ट अक्कलकोट रोडवरच्या कारखानदाराच्या हातात नव्हती.

म्हणूनच हातात काय आहे ते वेगळं काढावं लागतं. एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे आपल्या हातात नसलेलं: सुताचा भाव, डॉलर, शुल्क, लाइट कधी जाणार, पाणी कितव्या दिवशी येणार. उजवीकडे आपल्या हातातलं: किती टॉवेल सेकंडमध्ये जातात, बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ) बदलायला किती वेळ लागतो, सुताची किती वेस्टेज निघते, माल तयार झाल्यावर बिल किती दिवसांनी जातं, चुकीच्या रंगाच्या बॉर्डरमुळे किती डझन परत आले. उजवी बाजू बहुतेकांना वाटते त्यापेक्षा लांब निघते.

चालत्या काळात या उजव्या बाजूकडे बघायला सवड नसते आणि नफा चूक झाकून टाकतो. पडत्या काळात नफा पातळ होतो, त्यामुळे तीच चूक लगेच अंगावर येते. शिवाय माग अर्धा दिवस उभा असेल तर एरवी कधी न मिळणारा वेळ हातात असतो. या काळात मोठा खर्च, मोठी पुनर्रचना, नवी मशिनरी यांच्या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे (अपवाद प्रश्न 12 मध्ये). पण शून्य खर्चाची सुधारणा करण्यासाठी याच्याइतका योग्य काळ नाही.

4. सुरुवात कुठून करायची?

रोज ज्या गोष्टीवरून आरडाओरडा होतो तिथून. सर्वांत मोठी अडचण शोधू नका, सर्वांत जास्त वेळा येणारी शोधा. गारमेंटमध्ये ती बहुतेकदा लेबलची किंवा साइजच्या गठ्ठ्यांची असते. मागावर ती बाण्याच्या सुताची कांडी वेळेवर न मिळण्याची किंवा धागा तुटण्याची असते. ऑफिसात एकच कागद तिसऱ्यांदा मागवण्याची.

गणवेशाच्या एका युनिटमधलं उदाहरण बघा. जूनच्या आधी, शाळांच्या ऑर्डरींच्या गर्दीत, 28 आणि 30 नंबरच्या शर्टांची लेबलं उलटसुलट लागायची. दोन्ही लेबलं एकाच रंगाची, एकाच डब्यात, आणि शिलाईच्या बायका संध्याकाळी ट्यूबलाइटखाली काम करणाऱ्या. त्यांना ओरडून काही फरक पडला नव्हता. शेवटी त्यांच्यातल्याच एकीनं सुचवलं की सम आकड्यांच्या साइज एक सोडून एक दोन वेगळ्या टेबलांवर द्या, म्हणजे शेजारच्या साइज एका टेबलावर येणारच नाहीत. 28 आणि 32 मधला फरक हातात धरल्यावर कळतो, 28 आणि 30 मधला कळत नाही. खर्च काहीच आला नाही. टेबलं तीच, बायका त्याच.

5. नोंदी ठेवा म्हणता, पण आमचे कामगार लिहीत नाहीत. वही दिली तर ती कोरीच परत येते.

वही देऊच नका, खडू द्या. प्रत्येक मागाजवळ हात पोचेल अशा जागी एक काळी पाटी किंवा रंगवलेला पत्रा लावा. ताणा तुटून माग थांबला तर उभी रेघ, बाणा (आडवा धागा) तुटला तर आडवी रेघ, कांडीची वाट बघत थांबला तर गोल. पाटीचे दोन भाग करा, जेवणाच्या सुट्टीआधीचा आणि नंतरचा. एवढंच. तेलुगू बोलणारा, मराठी बोलणारा, शाळेत न गेलेला, कुणालाही हे जमतं.

पाळी संपली की पाटी पुसायच्या आधी जॉबरनं (मागांवरच्या मुकादमानं) किंवा मालकानं मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. आठवडाभरानं फोटो ओळीनं बघा, सांगायला कुणी लागत नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळा. पाटीवरच्या रेघांवरून कुणाला बोलायचं नाही. ज्या दिवशी जास्त रेघा असलेल्याला बोलणी बसली, त्या दिवसापासून पाट्या स्वच्छ राहतील आणि तुमच्या हाती काहीच लागणार नाही.

6. 'पाच वेळा का विचारा' असं सांगतात. प्रत्यक्षात ते कसं करायचं? आमच्याकडे पहिल्याच 'का'ला भांडण होतं.

भांडण होतं कारण पहिला प्रश्न 'कुणी केलं' असा विचारला जातो. 'का' हा प्रश्न मागाला विचारायचा, माणसाला नव्हे.

प्रश्न 5 मधल्या पाट्या एका आठ मागांच्या टॉवेल कारखान्यात लावल्या होत्या. उन्हाळ्याचे दिवस. पाचव्या आणि सहाव्या मागावर जेवणानंतर उभ्या रेघांची दाटी, बाकीच्या सहा मागांवर बेताच्याच. मालकाचा अंदाज होता की त्या मागांवरचा विणकर दुपारी पेंगतो. आता 'का' विचारत गेलो ते असं:

ताणा का तुटतो? सूत दुपारी कोरडं पडतं. सुती धाग्याला हवेतल्या ओलाव्यानं ताकद येते, म्हणून कापड विणायच्या शेडमध्ये 75 ते 80 टक्के आर्द्रता असावी असं मानतात. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो आणि हवा अगदी सुकी होते. मग सगळ्याच मागांवर का तुटत नाही? कारण हे दोन माग पश्चिमेच्या भिंतीला आहेत. तिथेच जास्त झळ का? खिडकीची दोन तावदानं फुटलेली आहेत, गरम वारा थेट बीमवर येतो. ती बसवली का नाहीत? विणकरानं जॉबरला सांगितलं होतं, जॉबरला वाटलं दिवाणजी बघतील. आणि दिवाणजींपर्यंत का पोचलं नाही? कारण अशी गोष्ट कुणी कुणाला सांगायची हेच ठरलेलं नव्हतं.

तावदानं बसवली, खिडकीला ओलं गोणपाट लावलं, सकाळी पाणी मारायचं ते दुपारी एकलाही मारायला लागले, तेही वापरून झालेलं पाणी. उभ्या रेघा बाकीच्या मागांच्या बरोबरीला आल्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेवटच्या 'का'चं उत्तर: तेव्हापासून दाराजवळ एक फळा आहे, मोडतोड दिसेल त्यानं त्यावर खूण करायची आणि शनिवारी दिवाणजींनी तो मालकांसमोर वाचायचा. विणकर पेंगत नव्हता.

एक सावधगिरी: ओलावा वाढवताना फणीवर आणि बाकीच्या लोखंडी भागांवर गंज चढतो का ते बघत राहा. पाणी जमिनीवर आणि गोणपाटावर, मागावर नको. मोटर आणि वायरिंगपासून तर लांबच.

7. काम लवकर व्हायला लागलं की मालक माणसं कमी करणार, नाहीतर मजुरीचा दर खाली आणणार. मग आम्ही सुधारणा का सुचवायची?

अशा धाकात सुचवू नका, असंच मी कामगारांना सांगेन. आणि मालकांना सांगेन की हा धाक आधी काढा, तोवर बाकी काहीच सुरू करू नका.

सोलापूरला ही भीती शिकवावी लागत नाही. 1877 ची जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू अशा गिरण्या इथे होत्या आणि एकेक करून बंद पडल्या. पूर्व भागात असं घर सापडणं कठीण जिथे कुणाच्या तरी आजोबांची नोकरी एका रात्रीत गेल्याची गोष्ट ऐकायला मिळत नाही. त्यामुळे 'आपण सगळे मिळून सुधारणा करूया' या वाक्यावर कामगाराचा चेहरा कोरा राहतो, तो मठ्ठ असतो म्हणून नव्हे.

खुद्द टोयोटातही हेच झालं होतं. 1950 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली, कामगार कपात झाली, मोठा संप झाला आणि अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. कामगारांच्या सूचना मागवण्याची टोयोटाची प्रसिद्ध पद्धत त्यानंतर, 1951 मध्ये सुरू झाली. कंपनी आणि कामगार यांच्यात नोकरीच्या शाश्वतीवर एकमेकांचा भरवसा बसत गेला, तशी ती पद्धत रुजली. आपल्याकडे सूचनापेटीची नक्कल झाली, भरवशाची झाली नाही.

मग छोट्या कारखानदारानं करायचं काय? तो आयुष्यभराच्या नोकरीची हमी देऊ शकत नाही, आणि खोटी देऊही नये. पण तीन गोष्टी तो नक्की सांगू शकतो. सुधारणेमुळे कुणाचंही काम जाणार नाही. डझनाचा दर सुधारणेमुळे कमी होणार नाही. वाचलेल्या पैशातला ठरलेला हिस्सा बोनसच्या वेळी वेगळा दाखवून वाटला जाईल. ऑर्डर आटली आणि पाळ्या कमी कराव्या लागल्या तर ती वेगळी गोष्ट. ती त्या नावानंच सांगायची आणि सगळ्यांना सारखी लावायची. हे तीन शब्द आधी द्या, सगळ्यांसमोर द्या, आणि पाळा. मजुरी डझनावर किंवा नगावर असलेल्या ठिकाणी दुसरा शब्द सर्वांत नाजूक असतो. वेगानं काम व्हायला लागलं म्हणून दर एकदा जरी खाली आणला, तरी त्या कारखान्यात पुढची कितीतरी वर्षं कुणी तोंड उघडणार नाही.

8. मी शिलाईकाम करते. मला चुका दिसतात, पण मालकांना कसं सांगू? 'तू तुझं काम कर' म्हणतात.

ताई, तक्रार म्हणून न सांगता वस्तू हातात घेऊन दाखवा. 'कटिंग नीट येत नाही' या वाक्यावर कुणीही चिडतं. तेच चार कॉलर एकावर एक ठेवून 'साहेब, हे बघा, हा पाव इंच मोठा आहे, मला कापून घ्यावा लागतो, दिवसाला असे बरेच येतात' असं दाखवलं तर बघावं लागतं. दोन-तीन दिवस असे तुकडे बाजूला ठेवा आणि एकदम दाखवा. शक्य असेल तर कटिंग मास्तरांना आधी दाखवा. मालकांसमोर त्यांची मान खाली गेली तर उद्या तुमचाच गठ्ठा उशिरा येईल. एवढं करूनही ऐकत नसतील तर त्यात तुमची कसूर नाही. तुमच्या मशीनपुरतं जे बदलता येतं, दोऱ्याची जागा, उजेड, बसायची उंची, तेवढं करा. त्याचा फायदा तुमच्या पाठीला आणि डोळ्यांना.

9. ऑर्डर नसताना माग बंद ठेवण्यापेक्षा स्टॉक करून ठेवलेला बरा ना? विणकर तरी टिकतो.

या बाबतीत पुस्तकी उत्तर आणि सोलापुरी उत्तर जुळत नाही. ओहनोंनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणं, उगाच वाहतूक, नको ती प्रक्रिया, साठा, नको त्या हालचाली, आणि खराब माल. त्यात जास्त उत्पादन पहिलं धरलं, कारण ते बाकीचं सगळं झाकतं. गोदामात भरलेले टॉवेल म्हणजे अडकलेलं सूत, अडकलेले पैसे आणि उंदीर.

पण हाताखालचा चांगला विणकर एकदा पुण्याला किंवा भिवंडीला गेला की परत येत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून मधला मार्ग: स्टॉक करायचाच तर असा करा की तो कुणालाही विकता येईल. पांढरा, नेहमीच्या मापाचा, नेहमीच्या वजनाचा, आणि जिथे रंग विणल्यानंतर द्यायचा असतो तिथे रंगापूर्वीच थांबवलेला. एका गिऱ्हाइकाच्या नावाची बॉर्डर टाकून अंदाजानं माल करू नका. किती स्टॉक करायचा याचा आकडा आधी भिंतीवर लिहा. तो गाठला की माग थांबवा आणि उरलेल्या पाळीत ऑइलिंग, फण्या साफ करणं, नव्या मुलाला बीम जोडायला शिकवणं ही कामं त्याच पगारात द्या.

10. खंडेनवमीला आम्ही सगळा कारखाना झाडून-पुसून पूजा करतो. दिवाळीपर्यंत परत तसाच होतो. हे टिकवायचं कसं?

पूजेच्या दिवशी झाडणं होतं, पण वस्तूंच्या जागा ठरत नाहीत. फाइव्ह एस या जागा नीटनेटकी ठेवण्याच्या जपानी पद्धतीत झाडणं तिसऱ्या पायरीवर आहे. त्याआधी नको ते बाहेर काढणं आणि हवं त्याला जागा देणं या दोन पायऱ्या येतात. मोडके धोटे, जुन्या डिझाइनचे पंचकार्ड, अर्धवट कोन 'कधीतरी लागेल' म्हणून तसेच राहिले तर पंधरा दिवसांत ढीग परत होणारच. पाना कुठे टांगायचा तिथे भिंतीवर पान्याचाच आकार रंगानं काढा. जागा रिकामी दिसली की कुणीतरी विचारतंच. पुढच्या खंडेनवमीला आदल्या दिवशी फक्त 'काढायचं काय' एवढंच ठरवा. हत्यारांबद्दल मनात आदर आहेच, तो वर्षभर चालवायचा आहे.

11. हे शिकवायला माणूस लावायचा तर पैसे कुठून आणायचे? सरकारी मदत मिळते का?

पहिले सहा महिने कुणालाही पैसे देऊ नका. प्रश्न 4 ते 6 मधलं सगळं फुकट आहे. त्यानंतर बाहेरचा माणूस हवाच असेल तर केंद्र सरकारच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) खात्याच्या दोन योजना बघा. लीन योजना मार्च 2023 मध्ये नव्या रूपात सुरू झाली. त्यात सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के भाग सरकार उचलतं. दुसरी झेड, म्हणजे 'शून्य दोष, शून्य दुष्परिणाम' प्रमाणपत्राची. तिच्या 2022 च्या सुधारित रूपात सूक्ष्म उद्योगाला प्रमाणपत्राच्या शुल्कात 80 टक्के, लघुउद्योगाला 60 टक्के आणि मध्यम उद्योगाला 50 टक्के सवलत ठरवली होती. दोन्हींसाठी उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) लागते, ती ऑनलाइन आणि मोफत होते. तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. अर्ज करण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात चालू नियम विचारून घ्या.

प्रमाणपत्र भिंतीवर आलं म्हणजे काम सुधारलं असं होत नाही. खडूच्या पाट्या आधी, प्रमाणपत्र नंतर.

12. जुन्या साध्या मागावर किती सुधारणा करणार? सरळ रेपिअर (धोट्याशिवाय चालणारा नवा माग) घेतलेला बरा नाही का?

नवा माग घेण्याला विरोध नाही. पण जुन्या मागावर माग का थांबतो याच्या निदान तीन महिन्यांच्या नोंदी असल्याशिवाय कर्ज काढू नका. थांबण्याचं मुख्य कारण खराब सूत असेल तर रेपिअर त्याच सुतानं थांबेल, आणि तिथे थांबलेल्या प्रत्येक मिनिटावर बँकेचं व्याज चालू असेल. कारण मागातच असेल, किंवा हातातली ऑर्डर जुन्या मागावर निघणारच नसेल, आणि ती ऑर्डर कागदावर असेल, तर घ्या. शेजाऱ्यानं घेतला हे कारण पुरेसं नाही.

13. आमचा कापडाशी संबंध नाही. ऑफिस आहे, सहा माणसं. हेच लागू होतं का?

होतं. तिथे धागा तुटत नाही, काम अडतं. खडूच्या रेघांऐवजी 'कुणाची वाट बघत थांबलो' याच्या खुणा करा: सहीची, कागदाची, साहेबांच्या फोनची, बंद पडलेल्या इंटरनेटची. दोन आठवड्यांत दिसेल की बहुतेक कामं एकाच टेबलावर थांबतात, आणि ते टेबल बऱ्याचदा साहेबांचंच असतं. सांगायला अवघड आहे, म्हणून साहेबांनी स्वतःच ही नोंद मागवलेली बरी. बाकी पद्धत प्रश्न 6 प्रमाणे.

14. या महिन्यात सेकंड माल कमी झाला. म्हणजे सुधारणा झाली ना?

माल किती काढला ते आधी सांगा. पडत्या काळात ही फसगत फार होते. समजा गेल्या महिन्यात 5,000 टॉवेल काढले आणि 150 सेकंड निघाले. या महिन्यात 3,000 काढले आणि 105 निघाले. 150 चे 105 झाले म्हणून पेढे वाटाल, पण आधी शंभरात 3 होते, आता साडेतीन आहेत. परिस्थिती बिघडली आहे. म्हणून प्रत्येक आकडा शंभर नगांमागे, तासामागे किंवा एका बीममागे लिहा.

उलटही होतं. उन्हाळा सरून पावसाळा लागला की हवेत ओलावा येतो आणि ताणा तुटणं आपोआप कमी होतं. त्याचं श्रेय जूनमध्ये लावलेल्या नव्या पद्धतीला जातं. शक्य असेल तर दोन माग जुन्याच रीतीनं चालू ठेवा आणि त्यांच्याशी तुलना करा.

15. दोन महिने जोरात चाललं, मग बंद पडलं. काय चुकलं असेल?

बहुतेकदा तीनपैकी एक. मीटिंगा वाढलेल्या असतात. पाळी बदलताना उभ्याउभ्या दहा मिनिटं पुरेत. किंवा कामगारांनी सुचवलेल्या गोष्टींना उत्तर मिळालेलं नसतं. 'नाही जमणार, कारण अमुक' हेही उत्तरच आहे, ते आठवड्याच्या आत द्या. किंवा गड्ड्याची यात्रा, लग्नसराई, शाळांचा सीझन यांपैकी काहीतरी मध्ये आलं आणि धागा सुटला. हे तिसरं असेल तर वाईट वाटून घेऊ नका, पुन्हा एका मागापासून सुरू करा.

16. वडील आणि काका म्हणतात, 'तीस वर्षं असंच चालवलं, आता तू शिकवणार?' घरचाच कारखाना असेल तर काय करायचं?

एक माग मागून घ्या. 'हा एक माग मी माझ्या पद्धतीनं चालवतो, दिवाळीपर्यंत.' काकांना अख्ख्या कारखान्याची धास्ती असते, एका मागाची नसते. आणि सुरू करण्याआधी त्यांनाच विचारा की हा माग कुठे त्रास देतो. नुसत्या आवाजावरून माग ओळखणारी ती माणसं आहेत. त्यांच्या डोक्यातलं कागदावर आलं तर तीच तुमची पहिली सुधारणा. आकडे आल्यावर जेवताना सांगू नका, कारखान्यात मागाजवळ उभं राहून दाखवा.

17. कोणत्या वेळी सुधारणा करू नये?

ऐन डिलिव्हरीच्या आठवड्यात नवा प्रयोग नको. गिऱ्हाइकानं लेखी मंजूर केलेलं वजन, रंगाची रेसिपी, मापं यात त्याला न विचारता बदल नको, मग तो बदल चांगला असला तरी. सुरक्षेची जाळी, पट्ट्यावरचं झाकण, मागाच्या थांबण्याची पिन 'वेळ वाचतो' म्हणून काढायची नाही. याला अपवाद नाही. औषध, अन्न, बॉयलर अशा कायद्यानं बांधलेल्या कामात आधी परवानगी, मग बदल. आणि एका मागावर एका वेळी एकच बदल. सूत बदललं, ओलावा वाढवला आणि वेगही कमी केला, तर फरक कशानं पडला हे कुणीच सांगू शकणार नाही.

18. घरी बसून हेमिंग (कडा दुमडून शिवणं) करणाऱ्या बायकांकडून काम घेतो. त्यांना यात कसं धरायचं?

माल परत करताना 'खराब' एवढंच न म्हणता एक चांगला आणि एक खराब नमुना दोरीनं एकत्र बांधून प्रत्येकीच्या घरी द्या. बोलण्यापेक्षा नमुना जास्त सांगतो. त्यांच्याकडे पोचणाऱ्या गठ्ठ्यातच कटिंग वाकडं असेल तर त्याचे पैसे त्यांच्याकडून कापू नका. प्रश्न 7 मधली तिन्ही वचनं त्यांनाही लागू आहेत, त्या कारखान्याच्या चार भिंतींत बसत नसल्या तरी.

19. आमची खरी अडचण वसुलीची आहे. पैसे तीन-तीन महिने येत नाहीत. त्यात सुधारणा काय करणार?

वसुली पूर्ण आपल्या हातात नसते, पण तिचा पहिला भाग असतो. माल गेला तो दिवस, बिल गेलं तो दिवस आणि गिऱ्हाइकाला बिल मिळाल्याची कबुली आली तो दिवस, या तीन तारखा प्रत्येक ऑर्डरला लिहून बघा. पहिल्या दोन तारखांतच आठवडा गेलेला आढळला तर तो आठवडा आपला आहे. बिलातला चुकीचा पीओ (खरेदी ऑर्डरचा) नंबर, चुकीचा जीएसटी नंबर, न जुळणारं वजन या कारणांनी बिल परत आलं तर प्रत्येक कारणापुढे खूण करा, अगदी मागाच्या पाटीसारखी.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. एमएसएमईडी कायदा 2006 च्या कलम 15 प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि करारात काहीही लिहिलेलं असलं तरी ती मुदत 45 दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. उद्यम नोंदणीचा क्रमांक बिलावर ठळक छापा. गिऱ्हाइकाशी संबंध बिघडतील म्हणून बरेच जण तो छापतच नाहीत. पण क्रमांक छापणं म्हणजे नोटीस पाठवणं नव्हे. बिल तयार करणाऱ्या मुलाला त्या तीन तारखा दर शनिवारी दाखवायला सांगा, प्रश्न 6 मधला फळा वाचता त्याच वेळी.